खांद्यावरची पावडर

माझी सासू कशालाही हात लावल्याशिवाय राहू शकत नाही, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. साखरपुड्याच्या दिवशीच वसईच्या घरी तिने माझ्या ब्लाऊजचा निघालेला धागा सगळ्यांसमोर दाताने तोडला होता. त्यामुळे ती व्हिसा काढून आमच्याकडे मेलबर्नला राहायला आली, तेव्हा मी डीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बजावून सांगितलं, "मम्मीला सांग, घरात काय वाट्टेल ते करा. मागच्या खोलीत मात्र पाय ठेवायचा नाही."

मागची खोली म्हणजे माझं वर्कशॉप. मी जुनी, छोटी चित्रं दुरुस्त करते. पॉइंट कुक ह्या मेलबर्नच्या उपनगरात आमच्या रस्त्यावर सगळे आयटीवाले आणि नर्सेस. माझं काम सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अच्छा, आणि जॉब काय करतेस?" आता मी उत्तर देत नाही. नुसती बघते त्यांच्याकडे.

लुर्डस मम्मी शब्दाची पक्की. तिने खोलीत पाय ठेवला नाही. दारात उभी राहून तिथूनच माझ्या टेबलावरची धूळ दाखवायची, पण उंबरठा ओलांडला नाही. चित्रच मी उचलून स्वयंपाकघरात आणलं, त्याला ती बिचारी काय करणार? पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या दिवशी नाही.

चित्र जोनचं होतं. जोन विल्यम्सटाउनला राहते, ऐंशी पार केलेली, ताठ. ती आली, हॉलमध्ये बसली आणि चष्म्याच्या डबीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. मारी बिस्किटाएवढं, पण लंबगोल. सोन्याची बारीक चौकट, आत हस्तिदंताच्या पातळ चकतीवर पाण्याच्या रंगात काढलेला एक तरुण. "हा आमचा एडमंड," ती म्हणाली, जसा काही तो बाहेर गाडीत बसलाय.

अठराव्या शतकाच्या शेवटी असली चित्रं घरोघर असायची, म्हणजे ज्यांना परवडत होतं त्यांच्या. फोटो नव्हते. कोणी जहाजावर निघाला की आधी चित्रकारासमोर बसायचा, आणि घरचे ते चित्र गळ्यात नाहीतर खिशात ठेवायचे. एडमंड जहाजाने पूर्वेकडे गेला होता. "तुमच्याच बाजूला कुठेतरी," जोन हसून म्हणाली.

चित्राची काच आजारी पडली होती. काचसुद्धा आजारी पडते; आतून तिला घाम फुटतो आणि ती धुरकट होते. शिवाय बाहेरून एका जागी, डाव्या खांद्याच्या बरोबर वर, ती घासून मंद झाली होती. कोणीतरी खराब कपड्याने पुसत असेल असं मला वाटलं.

"मी आता केअर होममध्ये चाललेय," जोन म्हणाली. "पलंगाशेजारच्या टेबलावर मावेल तेवढंच न्यायचं. तो येणार माझ्याबरोबर. पण मेरिल, मी त्याला जन्मभर धुक्यातून बघितलंय. मला त्याला एकदा नीट बघायचंय."

मी म्हटलं, "नो वरीज, जोन." काच बदलायची, कडेची पट्टी नवी लावायची, बस्स. चित्राला बोटही लावायचं नव्हतं.

तेवढ्यात मम्मी चहा घेऊन आली. कप ठेवला आणि जोनच्या कार्डिगनवर एक पांढरा केस होता तो चिमटीत धरून काढला. मी मेले लाजेने. जोन आधी दचकली, मग खांदा पुढे करून म्हणाली, "एनी मोर?" मम्मीने खरंच शोधलं.

जोन गेल्यावर मम्मी चित्र बघायला बसली. मी ते हातात धरलं होतं, तिने नुसतं वाकून बघायचं.

"बाप्या आहे का बाई?"

"बाप्या आहे, मम्मी."

"मग ही झालर कसली गळ्याखाली? आणि मागे काळी रिबीन?"

मग मी सांगायला बसले. माझा आवडता विषय, मला थांबवता येत नाही. तेव्हाचे पुरुष बायकांपेक्षा नटायचे. शर्टाला झालर, गळ्याला पांढरं कापड गुंडाळून गाठ, कानापर्यंत उभी कॉलर, पिवळ्या पट्ट्यांचा वेस्टकोट, वर निळा कोट आणि त्याला ही मोठाली बटणं. केस कानावर गुंडाळून मागे बांधायचे, त्यांना चरबी चोपडायची आणि वरून पावडर मारायची. म्हणून पोरगा विशीतला आणि डोकं पांढरंशुभ्र.

"पावडर म्हणजे क्युटिकुरा?"

"नाही हो. पिठासारखी. गव्हाचीच करायचे."

"खायचं पीठ डोक्यावर?" मम्मीने कपाळावर हात मारला. "येशू मारिया! गरीब माणसं बघत नव्हती का ते?"

"बघत होती ना. पुढे गहू महागला, पावासाठी दंगे झाले, सरकारने पावडरीवर टॅक्स बसवला. मग उतरली फॅशन."

"बरं झालं," मम्मी म्हणाली. पण तिची नजर पोरावरून हटत नव्हती. "तोंड मात्र गोड आहे. हसायचं होतं त्याला, पण दाबलंय."

ते मलाही तिने सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चौकट उघडली आणि काच बाजूला केली. मी तर खुर्चीतून उठलेच. निळ्या कोटाच्या खांद्यावर, मानेपासून खाली, पांढरे बारीक बारीक ठिपके होते. सांडलेली पावडर! केसांवरची पावडर कोटावर पडायचीच, पण कोणता चित्रकार ती रंगवत बसतो? पैसे देणारा माणूस म्हणेल, बाबा, कोट स्वच्छ काढ. इथे कोणीतरी एका केसाच्या कुंचल्याने सांडलेलं पीठ रंगवलं होतं. धुरकट काचेखाली ते दिसतच नव्हतं.

मी फोटो काढले. मग आणखी चांगल्या उजेडात बघायची हाव सुटली. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला आहे. ह्या देशात दक्षिणेचा उजेड शांत, ऊन आत येत नाही. चित्र तिथल्या टेबलावर ठेवलं, वर काचेचा वाडगा पालथा घातला आणि भिंग आणायला मागे गेले. तेवढ्यात काचवाल्याचा फोन आला. त्याला मापं हवी होती. त्याच्याशी बोलून मी परत आले.

मम्मी टेबलाशी उभी. वाडगा बाजूला. रुमालाचं टोक ओलं करून बोटाला गुंडाळलेलं. आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू काय तिने बुडणाऱ्याला बाहेर काढलंय.

"वेळेवर बघितलं ग मी," ती म्हणाली. "बुरशी धरली होती पोराच्या कोटाला. काल नव्हती, आज आली. मानेपर्यंत पोचली होती, तोंडाला लागणारच होती."

पाण्याचा रंग हस्तिदंतावर नुसता बसलेला असतो. आत शिरत नाही. ओलं बोट लागलं की संपलं. पांढरं तर गेलंच, त्याबरोबर निळंही निघालं होतं, आणि खांद्यावर अंगठ्याएवढा फिकट डाग उरला होता.

मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगत नाही. घसा बसेपर्यंत बोलले. "ती पावडर होती, मम्मी! रंगवलेली! सव्वादोनशे वर्षं टिकली होती आणि तुम्ही दोन मिनिटांत पुसलीत! तुमच्या हातांना चैन का पडत नाही? आजपासून ह्या घरात कशालाही हात लावू नका. कशालाही!"

 तिने रुमालाची ओली घडी केली, खिशात ठेवली आणि आपल्या खोलीत गेली.

संध्याकाळी डीनला सगळं सांगितलं. तो ट्रेनमधून थकून आलेला, बूट काढता काढता म्हणाला, "फोटो आहेत ना तुझ्याकडे? मग मार ना दोन ठिपके. त्या म्हातारीला काय कळणार आहे?"

"तुझ्या आईने केलंय आणि मी लपवू?"

"माझ्या आईने केलंय आणि तू चित्र जेवायच्या टेबलावर ठेवलंस," तो म्हणाला. मग मी त्याच्याशीही बोलले नाही.

पण खरं सांगायचं तर ते मलाही सुचलं होतं, त्याच्या आधी. निळा रंग मला अचूक जुळवता आला असता. पांढरे ठिपके तर डोळे मिटून. माझ्याकडे लोक विश्वासाने चित्रं देतात, आणि सांगितलं असतं की सासूने ओल्या रुमालाने पुसलं, तर पुन्हा कोण देणार? एवढ्या वर्षांत मिळवलेलं नाव एका दुपारी गेलं असतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो.

मम्मीने मात्र माझा शब्द शब्दशः पाळला. सकाळी उठले तर ओट्यावर रात्रीची भांडी तशीच. ती खुर्चीत बसलेली, दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तशी. मी चहा दिला तर कप उचलायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं. 

डीन रोज सकाळी विल्यम्स लँडिंगला गाडी लावून ट्रेन पकडतो. मम्मी आल्यापासूनचा दारातला कार्यक्रम ठरलेला: तो बॅग खांद्याला लावतो, ती मागून येते आणि त्याचे दोन्ही खांदे झटकते. काही नसतं तिथे. तो रोज वैतागतो, "मम्मी, काही नाहीये ग!" ती रोज म्हणते, "होतं." त्या दिवशी ती खुर्चीतून उठली नाही. डीन दारात क्षणभर थांबला, मागे बघितलं आणि गेला.

दुपारी मी तिच्यासमोर जाऊन बसले. माफी मागायची होती, पण मला ते जमत नाही. मी म्हटलं, "जेवला नाहीत."

ती म्हणाली, "मानवेलचा लग्नातला फोटो होता."

मानवेल म्हणजे माझे सासरे. मी त्यांना कधी बघितलं नाही. डीन लहान असतानाच ते गेले.

"कोट घातलेला, नवा शिवलेला," मम्मी म्हणाली. "एकच फोटो. आमच्याकडे समुद्राची हवा, भिंतींना ओल. एक दिवस बघते तर फ्रेमच्या आत त्याच्या खांद्यावर पांढरं आलेलं. एवढंसंच. म्हटलं, उद्या फ्रेम उघडून पुसते. मग डीनला ताप आला, मग नणंदेचं बाळंतपण, राहूनच गेलं. नंतर बघितलं तर तोंड गेलेलं. कोट तेवढा राहिला." तिने हातांकडे बघितलं. "आता मला थकलेला मानवेलसुद्धा आठवतो, आजारी मानवेल आठवतो. पण लग्नातलं तोंड आठवत नाही. ह्या पोराचं जाऊ द्यायचं नव्हतं मला."

माझा राग तिथेच विरला. आणि त्याच्या जागी जी शरम आली ती रागापेक्षा वाईट होती.

तरी मी त्या दुपारी मागच्या खोलीत गेले आणि निळा रंग कालवला. होय, कालवला. कुंचला ओला केला, भिंग लावलं. दारात सावली पडली. मम्मी उंबरठ्याच्या बाहेर उभी होती.

"तू रंगवतेस?"

"दिसणारसुद्धा नाही, मम्मी. जोनला कळणार नाही."

"मला दिसेल ना," ती म्हणाली. "तिला बोलव. इंग्लिश तू बोल. पण मी पुसलं हे मी सांगणार."

मी कुंचला धुतला. त्याच्या आधी मनात तिला एक शिवी दिली, तेही सांगून टाकते.

जोन शनिवारी आली. मम्मी चर्चला जायचा फ्रॉक घालून बसली होती, हात मांडीवर. मी चित्र टेबलावर ठेवलं, नवी काच अजून न लावता, आणि तोंड उघडणार तेवढ्यात मम्मीच उठली. "मॅडम. आय डू. माय हँड. आय थिंक..." तिला बुरशीला इंग्लिश शब्द सापडेना. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "सॉरी. मेरिल नॉट. मी."

मग बाकीचं मी सांगितलं. बुरशीचं, रुमालाचं, मी चित्र उघडं ठेवलं त्याचं. मानवेलच्या फोटोचंही सांगितलं. आधीचा फोटो मोबाईलवर दाखवला. म्हटलं, "मी हुबेहूब परत रंगवू शकते. तू म्हणालीस तर. आणि नाही म्हणालीस तरी मी समजू शकते."

जोनने भिंग घेतलं. आधी तिने चेहरा बघितला, खूप वेळ. पहिल्यांदाच नीट बघत होती ना. "हसतोय हा," ती स्वतःशीच म्हणाली. मग भिंग खांद्यावर आलं आणि तिथेच थांबलं.  मला वाटलं, आता रडणार नाहीतर उठून जाणार.

ती म्हणाली, "मेरिल, जुनी काच कुठाय?"

मी आणून दिली. तिने तिचा अंगठा काचेवरच्या त्या घासलेल्या जागेवर ठेवला. बरोबर बसला.

"हा माझा अंगठा," ती म्हणाली. "माझ्या आईचा. तिच्या आईचा. आमच्या घरातल्या सगळ्या मुलींचा." आणि मग तिने सांगितलं.

एडमंड घराबाहेर पडताना त्याची आई रोज त्याच्या कोटावरची पावडर झटकायची. चित्र काढायला बसला त्या दिवशी चित्रकार म्हणाला, खांद्यावर सांडलंय, मी ते रंगवत नाही. आई म्हणाली, नाही, राहू दे, रंगव. तो जाईल. मला झटकायला काहीतरी हवं. खरं-खोटं देव जाणे, जोन म्हणाली, पण आमच्याकडे असंच सांगतात. तो गेला तो परत आला नाही. आईने जन्मभर काचेवरून अंगठा फिरवला. मग तिच्या मुलीने, मग तिच्या मुलीने. झोपायच्या आधी एडमंडचा खांदा झटकायचा, मग दिवा मालवायचा. एवढ्या बायकांनी झटकलं, पण मध्ये काच.

"काय म्हणते?" मम्मीने माझी बाही ओढली. तिला काहीच कळलं नव्हतं. "फार रागावली का ग?"

मी सांगितलं. सगळं, मराठीत. मम्मी ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या आईला झटकायला मिळालंच नाही."

जोन माझ्याकडे बघत होती, म्हणून मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. जोनने हात पुढे करून मम्मीचा हात धरला, तोच, उजवा. "टेल हर," ती मला म्हणाली, "टेल हर शी गॉट देअर. आमच्यापैकी कोणालाच जमलं नाही. तिने झटकलं."

मम्मी रडली. जोनही रडली. माझं तर विचारूच नका.

"रंगवू नकोस," डोळे पुसून जोन म्हणाली. "आहे तसाच दे मला. झटकलेला."

नवी काच बसवायला खरं तर तीन हात लागतात. चित्र आणि काच घट्ट धरायची आणि कडेने पट्टी फिरवायची. नेहमी मी चिमटा लावते. त्या दिवशी मी म्हटलं, "मम्मी, आत या. हे धरा." ती उंबरठ्यावर अडखळली. मग आत आली, हात दोनदा पुसले आणि धरलं. अजिबात हललं नाही.

सोमवारी सकाळी डीन नेहमीसारखा उशिरा निघाला. बॅग घेतली, किल्ली शोधली. मम्मी स्वयंपाकघरात होती, जागची हलली नाही. सवय मोडली होती तिने, माझ्यामुळे. मी डीनला दारात अडवलं आणि आत हाक मारली, "मम्मी, बघा तर ह्याच्या खांद्यावर काय आहे."

"काय आहे?"

"या तर."

ती आली. हाताला कणीक लागलेली, ती फ्रॉकला पुसली. डीनच्या मागे उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने त्याचा उजवा खांदा झटकला, सावकाश, मानेपासून खाली. तिथे काही नव्हतं. आता मात्र कणकेचा पांढरा पुसट डाग राहिला.

मला वाटलं, डीन आता वैतागणार. त्याची ट्रेन चुकत होती. तो वळला आणि दुसरा खांदा तिच्यापुढे केला.

"हा राहिला," तो म्हणाला.